आजीच्या वहीतला तोळा आणि घरचा गोडा मसाला



होळी झाली की गल्लीगल्लीतून एक वास यायला लागतो. गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात, मिरची कांडपवाल्याकडे नंबर लागलेले असतात आणि शाळेत एखादं मूल सकाळपासून शिंकत असतं, कारण घरी काल रात्री मसाला भाजलाय. वर्षाचा मसाला करायचा हा मोसम. हवा कोरडी, ऊन कडक, त्यामुळे जिन्नस खडखडीत वाळतात. पावसाळ्यात हेच काम केलं तर मसाला महिन्याभरात गुठळ्या धरतो.

आज घरच्या मसाल्याबद्दल लिहितोय. (हो, मी करतो मसाला. वर्गात सांगितलं तेव्हा मुलं आधी हसली, मग एकाने विचारलं, "सर, मग भाकरी पण येते का?" ती अजून गोल येत नाही.) मसाल्यांचे प्रकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला, ज्याला तिथे नुसतं 'चटणी' म्हणतात, मालवणी मसाला, आगरी-कोळी मसाला, विदर्भातला सावजी, मराठवाड्यातलं येसूर. सगळ्यांविषयी लिहायला गेलो तर एकाचंही धड होणार नाही. म्हणून आमच्या घरी होतो तो गोडा मसाला घेऊ. गोडा म्हणजे साखरेसारखा गोड नव्हे. तिखट नसलेला, सौम्य. चिंच-गुळाची आमटी, भरली वांगी, मसालेभात, मटकीची उसळ यांत पडतो तो. बऱ्याच घरांत याच्याच सख्ख्या भावंडाला काळा मसाला म्हणतात.

गोष्ट अशी झाली. आजी गेली आणि तिची वही मागे राहिली. लग्न होऊन या घरी आली त्या सुमारास लिहिलेली, शाईची, कडेला तेलाचे डाग पडलेली. त्यात गोड्या मसाल्याचं पान होतं: धणे पावशेर, सुकं खोबरं नवटाक, तीळ छटाक, जिरे छटाक, लवंग, दालचिनी, दगडफूल एकेक तोळा, मिरे, शहाजिरे, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, बादियान अर्धा अर्धा तोळा, मेथी, हिंग, हळद 'बेताने'. आईने आणि मी त्या पानावर बघून दोन वर्षं मसाला केला. वाईट नाही झाला. पण आमटीला आजीच्या आमटीचा वास येत नव्हता. फिकट, नुसता धण्याखोबऱ्याचा. आम्ही दोष दिला दुकानदाराला, मग गॅसला, मग मिक्सरला. आई म्हणाली, "तिच्या हातालाच चव होती." आणि विषय संपला.

तिसऱ्या वर्षी चौथीच्या वर्गात ग्रॅम-किलोग्रॅम शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, सोनाराचा तोळा म्हणजे किती ग्रॅम?" मी सांगून टाकलं, दहा. आणि घरी जाताना शंका आली म्हणून शोधून बघितलं. सोनार आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात हे बरोबर, पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. आपल्या देशात वजनमापांचा कायदा 1956 साली झाला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम बाजारात आले. आजीचं पान त्याच्या आधीचं.

घरी येऊन आईला विचारलं, "आई, तोळा किती धरलास?"

"दहा ग्रॅम. सोनार देतो तेवढा."

"आणि पावशेर?"

"पाव किलो. आणखी काय असणार?"

इथेच गोची झाली होती. हे गणित पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे, म्हणून सविस्तर मांडतो. शेर म्हणजे 80 तोळे. पावशेर 20 तोळे, नवटाक त्याच्या निम्मे म्हणजे 10 तोळे, छटाक 5 तोळे. आजीच्या मसाल्यात 20 भाग धण्यांना 1 भाग लवंग होती. आम्ही घेतले धणे 250 ग्रॅम आणि लवंग 10 ग्रॅम, म्हणजे 25 भागांना 1. लवंग, दालचिनी, दगडफूल सगळंच धण्यांच्या मानाने एक पंचमांशाने कमी पडलं. खोबरं आम्ही नवटाक म्हणून 125 ग्रॅम घातलं होतं; तेही धण्यांबरोबर वाढलं. म्हणजे मसाल्यातला भरीचा भाग वाढला आणि वासाचा भाग घटला. आजीच्या हातातली चव नाहीशी झाली नव्हती, आमच्या वजनातली चूक होती.

ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत त्यांच्यासाठी सोपा उपाय सांगतो. आधी सगळं तोळ्यांत लिहून काढा: 20, 10, 5, 5, 1, 1, 1, अर्धा. मग एका तोळ्याला काय धरायचं ते तुम्ही ठरवा. दहा ग्रॅम धरलात तर धणे 200, खोबरं 100, तीळ 50, जिरे 50, लवंग-दालचिनी-दगडफूल प्रत्येकी 10 आणि बाकीचे प्रत्येकी 5 ग्रॅम. बारा धरलात तर धणे 240 आणि त्याप्रमाणे पुढचं. चव तीच राहील, डबा थोडा लहान-मोठा होईल. अडचण फक्त तेव्हा होते जेव्हा अर्धी वजनं जुनी आणि अर्धी नवी धरली जातात. आणखी एक काळजी घ्या. धान्य मोजायचा शेर पुष्कळ ठिकाणी मापाचा असायचा, वजनाचा नव्हे. वहीत नुसतं 'शेर' असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, वजनाचा की मापाचा.

वाटीच्या मापाचंही असंच. साधारण 150 मिलीच्या वाटीत धणे जेमतेम 50 ग्रॅम मावतात आणि तीळ 90 ग्रॅमच्या आसपास. धणे गोल, पोकळ, मध्ये हवा राहते. तीळ चपटे, एकमेकांना चिकटून बसतात. त्यामुळे 'एक वाटी धणे, अर्धी वाटी तीळ' म्हणजे वजनात दोन्ही जवळजवळ सारखेच! पाककृती वाटीत असेल तर शेवटपर्यंत वाटीनेच करा. मधेच ग्रॅमवर उडी मारू नका.

आता भाजणं. मसाल्याचं खरं काम इथेच आहे. नवीन माणूस सगळ्यात मोठी चूक करतो ती म्हणजे सगळे जिन्नस एकदम कढईत टाकतो. का नाही टाकायचे? मसाल्याचा वास हा त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. उष्णता लागली की ती मोकळी होतात, जास्त लागली की उडून जातात. शिवाय भाजताना नवे खमंग वासही तयार होतात, जे कच्च्या धण्यात नसतात. ही वेळ प्रत्येक जिन्नसाची वेगळी आहे. धणे नीट भाजायला दहा मिनिटं लागत असतील तर दगडफूल अर्ध्या मिनिटात करपतं. दोन्ही एकत्र टाकले तर धणे कच्चे आणि दगडफूल कडू.

आम्ही सुरुवात कोरड्या भाजण्याने करतो. तीळ मंद आचेवर, तडतडायला लागले की उतरवायचे. झाकण हाताशी ठेवा, नाहीतर ओटाभर तीळ. मग किसलेलं सुकं खोबरं. याला सोडून फोनवर बोलायला जाऊ नका. सतत हलवत राहायचं, आणि हवा त्या रंगाच्या थोडं अलीकडेच ताटात काढायचं, कारण गरम कढईत ते स्वतःहून काळपट होत जातं. त्यानंतर तेलाचं बोट लावून धणे. पिवळट हिरवे धणे तांबूस-तपकिरी होतात, घरभर वास सुटतो. एक धणा चिमटीत दाबला की कटकन फुटला पाहिजे. दबला आणि मऊ लागला तर अजून आत ओल आहे. जिरे आणि शहाजिरे लवकर होतात.

मग थेंबभर तेलात एकेक करून लवंग (टम्म फुगते), मिरे, दालचिनीचे तुकडे, नागकेशर, बादियान, जायपत्री. तमालपत्र कुरकुरीत होऊन हाताने चुरता आलं पाहिजे. मेथी अगदी थोडी आणि तांबूस होईपर्यंतच. जळली तर सगळा डबा कडू करते, त्यावर उपाय नाही. दगडफूल आधी निवडून घ्या, त्यात झाडाच्या सालीचे तुकडे आणि बारीक खडे असतात, मग तेलात टाकून दोन वेळा हलवलं की लगेच बाहेर. खडा हिंग तेलात फुलवून घ्यायचा. हळद शेवटी, गॅस बंद केल्यावर उरलेल्या तेलात फिरवायची. तिखटपणा हवा असेल तर चार-पाच ब्याडगी मिरच्या भाजून घालतो, त्या खरं तर रंगासाठी. मिरच्या भाजताना खिडक्या उघडा आणि मुलांना बाहेर पाठवा. कुणाला दमा असेल तर ते घरात नसतानाच हे काम करा.

मिरचीवरून एक आठवलं. ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा होता. मिरची या नावातच मिरे दडलेले आहेत, मुलांना दाखवा. इतिहासाच्या तासाला हा प्रश्न टाकला की वर्ग जागा होतो: शिवाजी महाराजांच्या काळात मिरची होती का? आणि त्याच्या पाचशे वर्षं आधी?

सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय दळायचं नाही. गरम मसाला मिक्सरमध्ये टाकला तर वाफ धरते, वाफेचं पाणी होतं आणि तिथेच बुरशीची सोय होते. लवंग-दालचिनीसारखे कडक जिन्नस आधी, मग धणे-जिरे. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, कारण भांडं तापलं की वास भांड्यातच उडून जातो. चाळणीवर राहिलेला रवाळ भाग पुन्हा फिरवायचा. तीळ आणि खोबरं मात्र वेगळं, दोन-तीन झटक्यांतच. जास्त फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. मग परातीत सगळं हाताने कालवायचं. कांडपावर नेणार असाल तर तुमच्या आधी कुणाचा काय मसाला कुटलाय ते विचारा. तुमच्या गोड्या मसाल्यात शेजारच्यांची लवंगी मिरची आली तर तो गोडा राहत नाही.

टिकण्याचा प्रश्न बरेच जण विचारतात. गोडा मसाला खराब होतो तो बहुतेक वेळा खोबरं आणि तिळाच्या तेलामुळे. हवा आणि उष्णता लागून ते तेल खवट होतं. म्हणून काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा आणि रोजच्या वापरासाठी छोट्या डबीत थोडा थोडा काढा. मोठी बरणी गॅसशेजारच्या फडताळात ठेवू नका. बाहेर तीन-चार महिने उत्तम राहतो. वर्षाचा करायचा असेल तर उरलेला फ्रीजमध्ये. माझं स्वतःचं मत विचाराल तर वर्षाचा एकदम करूच नका. दोनशे ग्रॅम धण्यांचा मसाला दोन तासांत होतो, चार जणांच्या घराला बरेच दिवस पुरतो आणि चुकला तर नुकसान थोडं.

विकतचा वाईट असतो असं मी म्हणत नाही. आमच्याही घरी सांबार मसाला पाकिटातलाच येतो. पण अख्खे जिन्नस आणले की ते डोळ्यांना दिसतात, पूड झाली की काहीच कळत नाही. मिऱ्यांत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात हे ऐकलं असेल. ग्लासभर पाण्यात मिरे टाका. भरीव मिरे तळाशी जातात, पपईच्या बिया तरंगतात. पोचे मिरेही तरंगतात, त्यामुळे तरंगलेला दाणा फोडून बघायचा आणि मगच दुकानदाराशी भांडायचं! हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो.

वर्गाचा विषय निघालाच आहे, तर परिसर अभ्यासाला मसाल्याइतकं स्वस्त साहित्य मी पाहिलेलं नाही. वनस्पतीचे भाग शिकवताना आपण फळ्यावर झाड काढतो आणि बाण दाखवतो. त्याऐवजी कागदावर चिमूट चिमूट जिन्नस मांडा आणि विचारा, हा झाडाचा कोणता भाग? दालचिनी साल, तमालपत्र पान (आणि ही दोन्ही झाडं एकमेकांची भावंडं), हळद जमिनीखालचं खोड, हिंग मुळातून येणारा चीक, जायपत्री म्हणजे जायफळाच्या बीवरचं जाळीदार आवरण. धण्यांना आपण बी म्हणतो, पण तो दाणा प्रत्यक्षात एक वाळलेलं फळ आहे. चिमटीत फोडला की त्याचे दोन भाग होतात. खरी मजा 'फुलांत' येते. चक्रीफूल म्हणजे बादियान, नावात फूल पण आहे फळ. लवंगेला कुणी फूल म्हणत नाही, पण ती न उमललेली कळी आहे. आणि दगडफूल तर फूलही नाही आणि झाडाचा भागही नाही. ते लायकेन आहे, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार, दगडांवर आणि सालींवर वाढणारा. माझ्या वर्गातल्या मुलांनी यावर पैज लावली होती, हरली सगळी. मी पण दोन वर्षांपूर्वी हरलो असतो.

डोळे मिटून वास ओळखायचा खेळही घ्या. जिरं बहुतेकांना ओळखता येतं. लवंगेचं नाव येत नाही, पण एकाने सांगितलं, "दातांच्या डॉक्टरकडे असाच वास येतो." अगदी बरोबर, लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्य वापरतात. पावडर हुंगायला देऊ नका, नाकात जाते. अख्खे जिन्नसच द्या. तिळाची कुणाला ॲलर्जी आहे का, ते पालकांना आधी विचारून ठेवा. भाजणं आणि मिक्सर हे मोठ्यांचं काम. निवडणं, वजन करणं आणि लिहून घेणं मुलांचं.

या लिहून घेण्यासाठीच आज हा लेख. पालकांनो, तुमच्या घरी आजी, मावशी, काकू जो मसाला करतात, त्याचं प्रमाण त्यांना विचारलंत तर उत्तर मिळेल, "अंदाजाने." त्या काही लपवत नसतात, त्यांना खरंच आकड्यांत सांगता येत नाही. म्हणून विचारू नका, मोजा. वजनकाट्यावर ताट ठेवा, आकडा शून्यावर आणा, आणि त्यांना नेहमीसारखी मूठ भरून त्यात टाकायला सांगा. आकडा मुलाने लिहायचा. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजी शाळेत आल्या होत्या. त्यांनी तीन वेळा मूठभर धणे घातले: 24, 25, 23 ग्रॅम. मग नातवाने घातले: 11, 15, 9. आजींनी काट्याकडे बघितलंही नव्हतं. मुलांनी दोघांची सरासरी काढली, आणि सरासरी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या कामाला आला.

मोजताना भाजण्याचा क्रमही लिहून घ्या, आणि 'हे झालं' असं त्या ज्या क्षणी म्हणतात तेव्हा कढईतल्या जिन्नसाचा फोटो काढा. 'खमंग भाजावे' हे वाक्य आजीच्या वहीत सहा ठिकाणी आहे आणि त्यावरून आम्हाला काडीचा बोध झाला नव्हता. रंग आम्हाला आईच्या आठवणीवरून ठरवावा लागला, आणि खोबऱ्याच्या रंगावरून आमचं अजूनही एकमत नाही. आई म्हणते आजी आणखी काळं करायची.

यंदा तोळ्याला बारा ग्रॅम धरून केला. पहिल्या दिवशी आमटीत घालून बघितला तर थोडा उग्र वाटला; तीन-चार दिवस बरणीत मुरल्यावर जमला. तुम्हीही लगेच चव घेऊन निराश होऊ नका. आणि मिक्सरच्या भांड्याला जो मसाला चिकटून राहतो तो धुऊन टाकू नका. त्यात वाटीभर पाणी घालून एकदा फिरवा आणि त्या दिवशीच्या आमटीत ओता.